चार नंबरचा कोट

स्टेजवर बोलावलं तेव्हा मी आनंदानं गेले. हे आधीच सांगून टाकते. नंतर पुष्कळ जणांनी विचारलं, तुला काहीच कसं कळलं नाही? नाही कळलं.

कॉलेजचा वर्धापनदिन होता. फेब्रुवारी महिना. सभागृह गच्च भरलेलं. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांचा सत्कार आमच्याकडे याच दिवशी करतात. माझी आई निवृत्त होत होती. एकतीस वर्षं तिनं या कॉलेजच्या फरशा, जिने, संडास आणि प्रयोगशाळा झाडल्या, पुसल्या, धुतल्या. तिला शाल आणि नारळ दिला. मग निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "आता मावशींच्या कन्येनं व्यासपीठावर यावं."

मी याच कॉलेजातून केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं होतं. फर्स्ट क्लास. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा रिकामी झाली होती आणि मी नोव्हेंबरात रीतसर अर्ज दिला होता. उत्तर आलं नव्हतं. मला वाटलं, हेच उत्तर. सगळ्यांसमोर नेमणुकीचं पत्र देतायत. मी मुद्दाम नवा ड्रेस शिवून घेतला होता. पिस्ता रंगाचा.

प्राचार्य मॅडमनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. वर सोनेरी कागद. "उघड ना," त्या हसत म्हणाल्या. फोटोवाला पुढे सरकला. मी कागद काढला.

निळा कोट. साडीवरून, ड्रेसवरून घालायचा. पुढे बटणं, दोन खिसे. सफाईच्या बायका घालतात तो. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं चारचा आकडा भरलेला. चार नंबर म्हणजे माझ्या आईची जागा.

मॅडम माइकवर बोलल्या, "आजीनं केलं, आईनं केलं, आता लेक करणार. तीन पिढ्यांची सेवा! अशा माणसांमुळे ही वास्तू उभी आहे."

टाळ्या. खूप टाळ्या. मागच्या रांगेतली काही प्राध्यापक मंडळी तर उभी राहिली. आणि माझी आई पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होती. आनंदानं. हे मला अजून सहन होत नाही.

तो फोटो कॉलेजच्या अंकात छापून आला. फोटोत मी हसतेय. फोटोवाल्यानं "स्माइल" म्हटलं आणि मी हसले. इतकी मी आज्ञाधारक होते.

आमच्या संस्थेत एक पद्धत आहे. जुनी. तिचा त्यांना फार अभिमान. माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागेवर त्याच्याच घरचं माणूस घ्यायचं. लेखनिकाचा मुलगा लेखनिक. शिपायाचा मुलगा शिपाई. झाडूवालीची मुलगी झाडूवाली. वर्धापनदिनाला जिन्याखाली टेबल लावतात, तिथं वारसाचे फॉर्म भरून घेतात. त्याला 'नाव लावणं' म्हणतात. संस्थेची माणसं बाहेर सांगतात, आम्ही कुणाला वाऱ्यावर सोडत नाही. खरंच आहे. कुणालाच सोडत नाहीत.

कॉलेजच्या मागे नोकरांची चाळ आहे. फाटकाकडून पहिल्या खोल्या लेखनिकांच्या, पुढे गॅलरी असलेल्या. मग प्रयोगशाळावाले. मग शिपाई. शेवटी, गटाराला लागून, आम्ही. हा क्रम कुणी भिंतीवर लिहिलेला नाही, पण कधी चुकलेलाही नाही. जागा गेली की खोली गेली, हाही नियम. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या पुण्यात घरं अशीच मिळतात, कामाच्या क्रमानं.

माझं नाव लागलं तेव्हा मी आठवीत होते. आईनं स्वतःच्या हातानं फॉर्म भरला. ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन सही शिकली होती, आणि त्या सहीचं पहिलं मोठं काम हे. त्या दिवशी तिनं चाळीत पेढे वाटले. मीच ताटली घेऊन दारोदार फिरले. "पोरीचं नाव लागलं" असं म्हणत पेढे देत होते. रेशनकार्डात नाव घालतात तसं काहीतरी असेल, असं मला वाटलं होतं. तुमच्या आईनं तुमच्या चांगल्यासाठी तुम्हाला बांधून घातलं आणि तुम्हीच पेढे वाटलेत, तर राग कुणावर काढायचा? मी हा प्रश्न खूप वर्षं उशिरा विचारला.

प्रयोगशाळेची ओळख मला पुस्तकानं नाही करून दिली. सुट्टीत आईबरोबर जायचे. काचेची भांडी धुवायला लागायचे. पिपेट, ब्युरेट ही नावं कळायच्या आधी मला ती कशी विसळायची ते कळत होतं. कुठल्या भांड्याचं तोंड किती अरुंद, कुठला ब्रश आत जातो, कशाचा डाग कशानं निघतो. पुढे अकरावीत बाईंनी फळ्यावर त्यांची नावं लिहिली, तेव्हा मला शेजारपाजारची माणसं भेटल्यासारखं झालं. मला केमिस्ट्री आवडली. आवडली म्हणजे जीव लावला. टायट्रेशनमध्ये एका थेंबानं रंग पालटतो, तो थेंब माझा कधी चुकला नाही.

बी.एस्सी.ला माझ्या गटात दोघी होत्या. प्रॅक्टिकल संपलं की आपापली भांडी आपणच धुवायची, असा नियम. त्या दोघी भांडी तशीच ठेवून जायच्या. एकदा मी म्हटलं, तुमची तुम्ही धुवा. एक जण म्हणाली, "अगं, तुला सवय आहे ना." वाईट बोलली नाही. अगदी सहज, गोडपणे. मी धुतली. तिन्ही वर्षं धुतली. नंतर ती हिंजवडीला लागली. कंपनीची बस न्यायला येते तिला.

तर कोट मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकांकडे गेले. कॉलेजच्या ऑफिसचे हे प्रमुख. मी माझ्या अर्जाचं विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आपलं नाव चार नंबरला लागलेलं आहे. एका माणसाचं नाव दोन जागांना कसं लागणार?"

"पण मी केमिस्ट्री शिकलेय, सर."

"छानच आहे की. शिक्षण कधी वाया जात नसतं."

प्रयोगशाळेची जागा निवृत्त सहायकांच्या मुलाला मिळाली. निखिल त्याचं नाव. तो बी.कॉम. बीकर आणि फ्लास्क यांतला फरक त्याला मी शिकवला, हातात फडकं धरून. मुलगा वाईट नाही. एकदा मला म्हणाला, "मला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं गं. पण बाबांची जागा वाया कशी घालवायची?" त्याची जागा वर होती, माझी खाली. एवढाच फरक. पण तो फार मोठा होता.

तुम्ही म्हणाल, मग घातलास कशाला कोट? आईचे गुडघे गेलेले. वडील मी सातवीत असतानाच वारले. धाकटी बहीण सुजाता बारावीत जाणार. मी नाही म्हटलं असतं, तर महिन्यात खोली रिकामी करायची होती. मग मी घातला. पिस्ता रंगाच्या ड्रेसवरून घातला, कारण पहिल्या दिवशी दुसरा धुतलेला नव्हता.

आमच्या घरात भिंतीवर एक तसबीर आहे. आमच्या सगळ्यांच्या घरात असते. निळा कोट घातलेला माणूस, हातात पुस्तक. मी सकाळी साडेसहाला तिच्यासमोर उभी राहून माझ्या कोटाची बटणं लावायचे. सहा महिने लावली. एकदाही मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी जिन्यात एक मुलगा म्हणाला, "ओ मावशी, जरा सरका." फार तर दोन-तीन वर्षांनी लहान असेल माझ्याहून. आदल्या वर्षी गॅदरिंगला त्यानं मला 'दीदी' म्हटलं होतं. मी बावीस वर्षांची होते, आणि मावशी झाले. आईला सगळं कॉलेज मावशीच म्हणायचं. एकतीस वर्षांत तिचं नाव कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. शांता. तिचं नाव शांता आहे.

सहा महिन्यांत माणूस किती शिकतो! कोण येतंय ते न बघता भिंतीला सरकायला शिकले. माझ्याच प्राध्यापकांनी ओळख दिली नाही तरी नमस्कार करायला शिकले. डबा कुठं बसून खायचा ते शिकले. सगळ्यात वाईट म्हणजे, संध्याकाळी पुस्तक उघडलं की मला झोप यायला लागली. अंग दुखायचं ते निमित्त. खरं म्हणजे आत कुणीतरी म्हणत होतं, आता कशाला?

मग ऑगस्टमधला तो दिवस.

मी प्रयोगशाळेच्या दारात फरशी पुसत होते. आत दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. तीसेक मुलं. निखिल टेबलापाशी सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायला बसला होता. त्यानं बीकरमध्ये आधी ॲसिड ओतलं आणि वरून पाण्याचा जग उचलला. केमिस्ट्रीतला पहिला धडा आहे, ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. मी ओरडले, "निखिल, थांब!" तोपर्यंत पाणी पडलं होतं. बीकर उसळला. ॲसिड टेबलावर, फरशीवर आणि त्याच्या हातावर. मी फडकं टाकून धावले. त्याचा हात धरून नळाखाली घातला, आणि नळ सोडू दिला नाही. पंधरा-वीस मिनिटं. माझ्या डाव्या बाहीवर शिंतोडे उडाले होते. त्याचा हात काढल्यावर ती बाही मी त्याच नळाखाली धरली. कापडाला तीन भोकं पडली.

विभागप्रमुख सर धावत आले. त्यांनीच मला तीन वर्षं शिकवलं. माझी जर्नल दुसऱ्यांना दाखवायचे. त्यांनी निखिलला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी मिळालं म्हणून हात वाचला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी सर माझ्याकडे वळले. तीस मुलं बघत होती.

"बाटल्यांना हात लावायचं काम आपलं नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच."

"सर, मी बाटलीला हात लावला नाही. त्याच्या हाताला लावला."

"आभारी आहोत. आता फरशी पुसून घ्या, पोरांचा तास खोळंबलाय."

मी फरशीकडे बघितलं. ॲसिडचं थारोळं होतं. माझ्या पायांत स्लिपर. हातात सुती फडकं. आणि हे त्या माणसानं सांगितलं, ज्यानं मला शिकवलं होतं की सांडलेल्या ॲसिडला उघड्या हातानं फडकं लावायचं नसतं. त्याला आठवत नव्हतं, की आठवूनही चालत होतं? मला आजही माहीत नाही. पण मला काही तरी कळलं. माझं शिक्षण या खोलीत कुणी काढून घेतलेलं नव्हतं. ते सगळ्यांना दिसत होतं. दिसून उपयोग नव्हता.

मी म्हणाले, "आधी खाण्याचा सोडा टाकावा लागतो, सर. फेस थांबला की मग पुसायचं. तुम्हीच शिकवलंत."

मी कोट काढला, बेसिनशेजारच्या खुंटीवर टांगला, आणि माझ्या ड्रेसवर खाली आले.

धीटपणा वगैरे काही नव्हता. घर जाणार, हे जिना उतरतानाच कळलं होतं.

ऑफिसात अधीक्षकांसमोर मी कागद ठेवला. माझं नाव काढा. त्यांनी तो दोनदा वाचला. "नाव काढायचंय? लोक इथं नाव लावायला येतात." मग कपाटातून फाइल आणली. आईचा फॉर्म पिवळा पडला होता. पहिल्या ओळीत माझं नाव. त्यांनी बोट खाली सरकवलं. दुसऱ्या ओळीत सुजाताचं.

"आपली इच्छा नसेल तर सक्ती नाही. धाकट्या आहेतच. दिवाळीनंतर अठरा पूर्ण होतील. आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं."

मला वाटलं होतं, मी नाही म्हटलं की संपलं. मी नाही म्हटलं, तर कोट फक्त एक ओळ खाली सरकणार होता. आणि दोन्ही नावं काढायची तर सही आईचीच लागणार होती. ज्या हातानं लावली त्याच हातानं.

आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुला कोट नको, कळतंय मला. पन सुजीचं नाव का काढतीस? घर हाय म्हनून शिकलात दोघी. माझ्या झाडूवर शिकलीस तू."

खरं होतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, सुजीला काय व्हायचंय, तुला माहितेय?"

आईचा हात थांबला. "काय व्हायचंय?"

मला माहीत नव्हतं. मी आईला कोंडीत पकडायला विचारलं आणि मीच सापडले. एका खोलीत सतरा वर्षं बहिणीशेजारी झोपले. तिचे केस विंचरले, तिचा अभ्यास घेतला. हा प्रश्न मीही कधी विचारला नव्हता.

सुजाता दारात बसून ऐकत होती. आम्ही दोघींनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. मग मी कशाला ठरवू?"

रडली नाही. चिडली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. आईनं तवा उतरवला. त्या रात्रीचं जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर ऑफिसात आली. पेन मागितलं. दोन्ही नावांवर आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली. प्रत्येक अक्षर कोरल्यासारखं, तिच्या पद्धतीनं, सावकाश. अधीक्षक म्हणाले, "विचार केलाय ना? तीस दिवसांत खोली." आई म्हणाली, "मोजा."

याच्या पुढे सगळं छान झालं, असं मी सांगणार नाही. झालं नाही.

आम्ही विश्रांतवाडीला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. लिफ्ट नाही. आई दिवसातून एकदा उतरते, गुडघे धरून. पहिल्या आठवड्यात तिनं सवयीनं सकाळी जिना झाडला. चौथ्या दिवशी खालची बाई म्हणाली, "मावशी, रोजचं करणार असाल तर वरच्या गच्चीचं पण बघा." आईनं वर येऊन झाडू मोरीत ठेवला. त्या दिवसापासून ती खिडकीत बसून असते. मला कधी कधी वाटतं, मी तिचं घर आणि तिचा अभिमान दोन्ही एका रेघेत घालवलं. वाटतं, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

वाघोलीला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी मुलाखतीला गेले. सोसायट्यांच्या टँकरचं, बोअरचं पाणी तपासतात. मला येतं ते सगळं. साहेबांनी कागद चाळले. कॉलेजनं दिलेला अनुभवाचा दाखला वर होता. 'सफाई कामगार, सहा महिने, वर्तणूक चांगली.' साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा, हाउसकीपिंगचा अनुभव आहे. आमची सकाळची मावशी सोडून गेलीय."

मी म्हटलं, "सर, मी टायट्रेशन करून दाखवते. आत्ता."

"कळवतो," ते म्हणाले. त्याला आता तीन महिने झाले. सध्या मी एका औषधांच्या गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवते. औषधांची नावं वाचते, आत काय आहे ते मला कळतं, आणि चिकटवते. सुजाता बारावीची परीक्षा देईल. पुढचं ती अजून बोलत नाही.

गेल्या आठवड्यात आईचे राहिलेले कागद आणायला मी कॉलेजात गेले. जिन्यावर एक बाई फरशी पुसत होती. निळा कोट. खिशावर चार. डाव्या बाहीवर तीन ठिकाणी रफू केलेलं.

मी तिथंच बसले. पायरीवर.

वर्षा तिचं नाव. मी विचारलं. लातूरकडची, आमच्यातलीच. दुसरं कोण येणार त्या जागेवर? आमच्याच खोलीत राहते. खोली बरी आहे म्हणाली, फक्त गटाराचा वास येतो. तिची मुलगी सहावीत आहे. वर्धापनदिनाला वर्षाला कायम करणार आहेत. "पोरीचं नाव पन लावा म्हनले हापिसात. सोय झाली ताई तिची," असं म्हणाली आणि हसली. माझं नाव लागलं त्या दिवशी आई हसली होती, तशीच.

मी तिला सगळं सांगितलं. कोट, फॉर्म, दुसरी ओळ, ॲसिड. तिनं शांतपणे ऐकलं. मग बादली उचलली. "तुमाला जमलं ताई. तुमी शिकलेल्या. मला रस्त्यावर यायला नाही जमनार."

तिला द्यायला माझ्याकडे खोली नाही, नोकरी नाही. माझ्याकडे आहे तो एक प्रश्न, आणि तोही मी स्वतः उशिरा विचारलेला.

वर्धापनदिन पुढच्या महिन्यात आहे. मला बोलावणं नाही. तरी मी जाणार आहे. जिन्याखाली टेबल लागतं, तिथं फॉर्मची रांग लागते. मी त्या रांगेशेजारी उभी राहणार आणि प्रत्येक आईला, प्रत्येक बापाला विचारणार, तुमच्या पोरीला काय व्हायचंय? विचारलंत तिला? तिनं सांगू दे, मग लिहा. मला हाकलतील. मग फाटकाबाहेर उभी राहीन. पुढच्या वर्षी परत येईन.

ॲसिडानं भोकं पाडली तर त्यांनी रफू करून घेतलं. कोट फेकला नाही. मीही थकून घरी बसणार नाही. वर्षाची पोर सहावीत आहे. अठराची व्हायला तिला सहा-सात वर्षं आहेत. नाव लागलंच, तर ते खोडायला तितकी वर्षं मला पुरतील. तिच्या नावाची ओळ कोरी राहिली पाहिजे.